वानप्रस्थाचे वाहन

केस पिकले, अंगावर सुरकुत्या पडल्या आणि नातवाचे मुख पाहून झाले, म्हणजे गृहस्थाने घरदार पुत्राच्या स्वाधीन करून अरण्याची वाट धरावी, असा मनूचा दंडक आहे. पत्नीला मागे ठेवावे की बरोबर न्यावे याची मुभाही त्याने उदारपणे पुरुषाला देऊन ठेवली आहे, यावरून त्या थोर स्मृतिकाराचा प्रत्यक्ष संसाराचा अनुभव कितपत होता, याविषयी मला शंका येते. परंतु हे अरण्यगमन कोणत्या वाहनाने करावे, ते वाहन नवे घ्यावे की वापरलेले, आणि वापरलेले घेतल्यास त्याची क्लचप्लेट कोणाकडून तपासून घ्यावी, या महत्त्वाच्या बाबींवर स्मृतींत एक अक्षरही नाही. तेव्हा निवृत्तिवेतनाचा हुकूम हाती पडताच मी स्वतःच्या अधिकारात या प्रकरणाचा निकाल लावला आणि डिझेलवर चालणारी, पुढे एकच केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली एक जुनी पिकअप गाडी खरेदी केली.

चारचौघांसारखी मोटार सोडून हे मालवाहू धूड का घेतले, असे आप्तेष्टांनी विचारले. सह्याद्रीत डांबर संपते तेथे मोटारीचे पोट दगडांना लागू लागते, आणि पिकअप मात्र आपल्या शिडीच्या चेसिसवर उंच राहून पुढे जाते. शिवाय तिचे यंत्र इतके जुन्या वळणाचे असते की तालुक्याच्या कोणत्याही गावी, वडाखाली बसलेला कोणताही मिस्त्री, ते चार पान्यांनी उघडू शकतो. तो ते पुन्हा मिटवू शकतो की नाही हा निराळा प्रश्न आहे, आणि तो आप्तेष्टांनी विचारला नाही.

गाडी दाखवणाऱ्या दलालाने तीन विधाने केली. "साहेब, गाडी एका हाताची आहे, इंजिन एकदम मख्खन आहे, आणि नारायणगावच्या शेतकऱ्यानं हिच्यात टोमॅटोशिवाय काही वाहिलेलं नाही." पैकी पहिल्या विधानाचे खंडन नोंदणीच्या दाखल्याने केले, दुसऱ्याचे यथावकाश मिस्त्रीने केले; तिसरे मात्र अक्षरशः सत्य ठरले, कारण पहिला पाऊस होऊन गेल्यावर हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या दुमडीत वर्षानुवर्षे साचलेल्या बोटभर मातीतून टोमॅटोचे एक रोप वर आले. बारीक लव असलेले देठ, कातरलेली पाने, आणि पान चुरगाळल्यावर बोटांना दिवसभर चिकटून राहणारा तो उग्र वास! ते उपटण्याची परवानगी घरातून मिळाली नाही, त्यामुळे हौदा धुण्याचे काम तेवढा कोपरा वगळून होऊ लागले.

मालकीच्या फेरफाराची कैफियत विस्ताराने सांगत नाही. नमुना 29 आणि नमुना 30 हे हस्तांतरासाठी. पूर्वीच्या मालकाने कर्ज फेडलेले, परंतु बँकेचा बोजा दाखल्यावर तसाच राहिलेला, म्हणून तो उतरवण्यासाठी नमुना 35. आणि गाडीचे वय आठ वर्षांच्या पुढे असल्यामुळे योग्यता प्रमाणपत्र दरसाल. हौद्यात बसून घाट पाहण्याची माझ्या नातवाची मनीषा होती; परंतु मालवाहू वाहनाच्या हौद्यात माल जावा, माणूस जाऊ नये, असा कायदा आहे, आणि आपण माल नाही हे त्या बालकाला पटवताना माझी बरीच शक्ती खर्ची पडली.

आता मिस्त्रीकडे येतो, कारण या गाडीचा खरा ताबा त्याच्याकडेच असतो, माझे नाव दाखल्यावर आहे इतकेच. हा गृहस्थ मितभाषी आहे. पहिल्या भेटीत त्याने एका शब्दाने काही विचारले नाही. इंजिन चालू करायला लावले, एक हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचे टोक इंजिनाच्या अंगावर टेकवले, लाकडी मूठ कानाच्या पाळीमागे दाबून धरली आणि डोळे मिटले. टोक एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर सरकत गेले तशी त्याची भिवई वर चढत गेली. मग तो मागे जाऊन धूर पाहत उभा राहिला. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यानंतरही पांढराच राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा कूलंटने नको तिथे वाट काढली आहे, हे धूम्रशास्त्र मी त्याच्याकडूनच शिकलो. माझ्या गाडीत कोणता, असे मी विचारले. "सकाळी पांढरा, चढाला काळा, उताराला निळा," तो म्हणाला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून पुढे जोडले, "गाडी चांगली होती, साहेब."

नोझल, क्लचप्लेट, शॅकलचे बुश, प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट क्रॉस इत्यादी जीर्णोद्धार यथाशक्ति पार पडला. त्याविषयी माझी तक्रार नाही. झिजलेले बदलावे हा सृष्टीचाच नियम आहे. माझी कैफियत आहे ती पुढच्या टप्प्याविषयी, ज्यात झिजलेले काही नसते आणि तरीही बदलावे लागते.

त्याचे असे झाले. अरण्यात राहायचे तर तंबू हवा, म्हणून केबिनच्या डोक्यावर लोखंडी कॅरिअर बसवले. कॅरिअर आहे तर पाण्याचे कॅन, दुसरी स्टेपनी आणि फावडे त्यावर राहावे हे ओघानेच आले. रात्री दिवा लागावा आणि सकाळी सेल्फही फिरावा, म्हणून दुसरी बॅटरी आली. हौद्यात सुताराकडून प्लायवूडचे कप्पे करून घेतले, त्यात शेगडी, भांडी, चहा-साखर, पाने आणि जॅक यांची स्वतंत्र दालने पाडली. या सरंजामाने गाडीची मागली बाजू इतकी बसली की रात्री तिच्या दिव्यांचा प्रकाश रस्त्यावर न पडता झाडांच्या शेंड्यांवर पडू लागला, आणि घुबडांखेरीज कोणाचीच सोय होईना. मिस्त्रीने कमानींत दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. मागली बाजू उचलली खरी, परंतु ही कमान मुळात टनभर माल पेलण्यासाठी रचलेली, त्यात आणखी पाटा, आणि वर माझा सगळा संसार मिळून काही टनभर भरत नाही. त्यामुळे कमान दबेच ना, आणि प्रत्येक खड्ड्याला गाडी चारही चाकांनी उसळू लागली. त्या उसळण्याने कॅरिअरचे नट ढिले झाले. ते पुन्हा ढिले होऊ नयेत म्हणून जाड पट्ट्यांचे दुसरे कॅरिअर केले, जे अर्थातच पहिल्यापेक्षा जड होते.

उसळण्यावर मिस्त्रीचा उपाय सोपा होता. "हौद्यात वाळूची पोती टाका." प्रथम मला ही थट्टा वाटली; परंतु शास्त्र त्याच्या बाजूचे आहे. ज्या गाडीची फक्त मागचीच चाके ओढतात तिच्या मागच्या धुऱ्यावर वजन नसेल, तर चिखलात ती चाके जागच्या जागी फिरतात. वजन पडले की कमान दबते, चाक जमिनीला धरते, आणि प्रसंगी तीच वाळू चाकाखाली पसरताही येते. तेव्हा पुण्याची वाळू सह्याद्रीत नेण्याचा व्यवहार सुरू झाला. त्या दिवशी अंगणातून पोती चढवताना पाहून सौभाग्यवती म्हणाली, "अहो, घर सोडून जायचं म्हणून गाडी घेतलीत ना? मग घरच गाडीत का भरताय?" मनूने भार्येला बरोबर नेण्याचा विकल्प दिला आहे, तिच्या प्रश्नांना उत्तर देण्याचा विधी मात्र त्याने सांगितलेला नाही.

टायरांचीही कथा याच कुळातली. मूळ 215 रुंदीच्या जागी 235 चे घेतले, बाकी माप तेच. चाकाचा व्यास त्यामुळे सुमारे 3 सेंटिमीटरने वाढतो, आणि वाढलेले चाक एका फेऱ्यात अधिक जमीन कापते, हे गाडीच्या मीटरला कळत नाही. शंभर किलोमीटर जाऊन आले तरी तो सुमारे 96 च सांगतो. म्हणजे कागदोपत्री माझ्या गाडीची झीज कमी होते, आणि प्रत्यक्षात त्याच मोठ्या चाकांना फिरवताना क्लच जास्त घासतो. सरकारी दप्तरात चाळीस वर्षे काढलेल्या मनुष्याला ही व्यवस्था अपरिचित वाटली नाही.

सुट्या भागांसाठी नाना पेठेत आणि दुर्मीळ वस्तूंसाठी बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मी इतका येऊ-जाऊ लागलो की तिथले एक वयस्क विक्रेते मला "काय शेठ, गॅरेज कुठंय तुमचं?" असे आदराने विचारू लागले. तेथेच मला पुढच्या बंपरवर लावायची एक भरभक्कम लोखंडी चौकट आवडली. परंतु गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याविरुद्ध 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 आहे. शिवाय अशा चौकटी पादचाऱ्याला घातक ठरतात आणि धडकेचा आघात थेट चेसिसमध्ये नेतात, म्हणून केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरात त्यांविरुद्ध परिपत्रकही काढले. हे सर्व मी मिस्त्रीला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग काळा रंग देऊ. दिसणार नाही." कायद्याची बूज राखून मी तो बेत सोडून दिला, चौकटीचे वजन तेवढे वाचले, असे मनाचे समाधान करून घेतले.

एका आषाढात आम्ही उभयता नाणेघाटाला निघालो. जुन्नरच्या पुढे घाटघरची वस्ती मागे पडते तोच इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. डिझेलमध्ये पाणी आले होते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून मी गढूळ पाणी वाहू दिले, निव्वळ डिझेल दिसू लागताच तो कसला, हातपंप अंगठ्याने दाबत राहून लायनीतली हवा काढली, आणि बुडबुडे संपून धार सलग झाली तेव्हा डिझेलने माखलेल्या हातांनी सेल्फ मारला. इंजिन चालू झाले. या विजयाप्रीत्यर्थ चहा करावा असे ठरले. परंतु चार दिवसांच्या पावसात प्लायवूड असे फुगले होते की शेगडीचा कप्पा सुखाने उघडला आणि चहा-साखरेचा कप्पा पान्यांनी, लाथांनी व शेवटी विनवणीनेही उघडेना.

नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे, आणि गुहेत सातवाहनांच्या काळचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. नागनिका राणीच्या या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची यादी दिली आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. विद्वानांनी या यादीचे मोल अनेक अंगांनी केले आहे. मला मात्र तिच्यातील मुत्सद्देगिरी जाणवली. हत्तीचा आणि घोड्याचा चारा, माहूत, मोतद्दार, खोगीर यांचा खर्च ज्या क्षणी दानाचे उदक सुटले त्या क्षणी राजदरबाराच्या खात्यावरून उतरून ब्राह्मणाच्या खात्यावर चढला असला पाहिजे. वाहन वागवण्यापेक्षा ते दान करून पुण्य मिळवणे किफायतीचे, हे सातवाहनांना ठाऊक होते. गुहेच्या दारी उभे राहून मी दानपात्र अशा नातेवाइकांची एक मनोमन यादी केली, परंतु त्यांतील एकही इतका धार्मिक नव्हता.

पठारावर चाके रुतली तेव्हा टायरांतली हवा 35 वरून 20 वर उतरवून, एक पोते चाकांखाली रिकामे करून गाडी निघाली. या एका प्रसंगी मिस्त्री, वाळू आणि मी तिघेही खरे ठरलो.

परतताना जुन्नरच्या अलीकडे एक पिकअप रस्त्याच्या कडेला, धुरा मोडून, एका अंगाला कललेली दिसली, आणि शेजारी टोमॅटोचे क्रेट उतरवून ठेवून एक शेतकरी हताशपणे उभा होता. नारायणगावच्या बाजारात लिलाव सुरू होण्यापूर्वी माल पोचला नाही तर भावाचे काय होते हे त्याने मला सांगितले, आणि त्याच्या सांगण्यापेक्षा त्याच्या चेहऱ्यावरून मला ते अधिक कळले. मी भाडे घेणार नव्हतो. त्याने विचारलेही नाही. आम्ही उरलेली वाळू खाली टाकली, तंबू वर बांधला, आणि 20 किलोचे एकेक असे 40 क्रेट हौद्यात चढले. तो केबिनमध्ये आमच्याबरोबर बसला. गाडी हलली आणि पहिल्या खड्ड्यातून गेली तेव्हा मी सवयीने स्टिअरिंगला घट्ट धरले. परंतु काही झाले नाही. आठशे किलोंनी कमान दबली होती, पाटे एकमेकांवर मुकाट सरकत होते, कॅरिअरचा एक नटही वाजत नव्हता. सौभाग्यवतीला झोप लागली.

"गाडी ओळखीची वाटते," तो शेतकरी म्हणाला, आणि मागच्या काचेतून हौद्याच्या कोपऱ्यातले रोप पाहून पुढे काही बोलला नाही. उतरताना मात्र त्याने तंबू, कॅन, दुसरी स्टेपनी, कप्पे यांवरून नजर फिरवली आणि विचारले, "दादा, गाडी चांगली आहे. तुम्ही ती रिकामीच का फिरवता?"

हे मी मिस्त्रीला सांगितले. त्याने कमानीकडे बराच वेळ पाहिले, वाढवलेले दोन्ही पाटे काढून टाकावेत असा निर्णय दिला, आणि ते बसवण्याचे जितके घेतले होते तितकेच काढण्याचेही घेतले. मी निघालो तेव्हा त्याने ते दोन्ही पाटे उचलले आणि, "असू द्या साहेब, कधी उपयोगी पडतील," असे म्हणून हौद्यात, पोती ठेवत असू त्याच जागी, आडवे टाकले.