फेरफारवाले नाना

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवा, अशी या शहराची वाटणी पिढ्यानपिढ्या चालत आलेली असून, जुन्या जालन्यातील सेवानिवृत्त गृहस्थ सकाळी गांधीचमनात आणि सायंकाळी आनंदी स्वामींच्या मंदिरात सापडावयाचा, हा येथला अलिखित नियम होता. अलीकडे या नियमाला एक अपवाद निपजला आहे. कॉलेजांतून थोड्या तासांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम निघाले, त्यांना वयाची अट राहिली नाही, आणि ज्यांनी हयातभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले तेच हाती अर्ज घेऊन खिडकीपाशी उभे राहू लागले. छायाचित्र-संपादनाच्या, म्हणजे ज्याला सारे गाव नुसते ‘फोटोशॉप’ म्हणते त्याच्या, प्राथमिक वर्गात माझ्या शेजारच्या संगणकावर बसणारे नाना हे या नव्या जातीचे अस्सल प्रतिनिधी होत. (मी त्या वर्गात काय करीत होतो, असे कोणी विचारू नये, आमच्या घरी कूलर एकच आहे आणि तो प्रयोगशाळेतल्या यंत्राएवढा गार वारा देत नाही.)

नाना महसुलात अव्वल कारकून होते. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचा मुलूख तोडून जालना जिल्हा झाला, त्याच वर्षी ते खात्याला चिकटले, आणि पुढे सदतीस वर्षे त्यांनी जे एक काम निष्ठेने केले ते म्हणजे फेरफाराची नोंद. खरेदी असो, वारसा असो की भावाभावांतली वाटणी असो, गाव नमुना ६ मध्ये नोंद पडल्याशिवाय, हितसंबंधितांना नोटीस गेल्याशिवाय, हरकतीचे पंधरा दिवस उलटल्याशिवाय आणि अव्वल कारकुनाहून कमी दर्जाचा नसलेल्या अंमलदाराने ती नोंद प्रमाणित केल्याशिवाय सात-बाराचा कागद तसूभरही हलता कामा नये, हा कायदा त्यांच्या रक्तात इतका मुरला होता, की घरात पलंगाची जागा बदलली तरी ते “कोणाच्या हुकमाने?” असे विचारीत.

अशा गृहस्थाला पहिल्याच दिवशी आमच्या मॅडमनी, ज्या वयाने त्यांच्या नातीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, हसतमुखाने सांगितले की, आज आपण फोटोत बदल करावयास शिकणार आहोत. नानांचा हात तत्काळ वर गेला.

“मॅडम, बदल म्हणजे फेरफार की दुरुस्ती?”

“काका, दोन्ही एकच ना?”

“एकच कसं? लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली. फेरफार १५० खाली. दुरुस्तीत हक्क बदलत नाही.”

मॅडम क्षणभर स्तब्ध झाल्या, आणि मग ज्या चातुर्याने त्यांनी पुढचे दोन महिने निभावून नेले त्याच चातुर्याने म्हणाल्या, “काका, आज फक्त क्रॉप करू या. कडेचं कापायचं.” नानांनी वहीत लिहून घेतले : ‘बांध कोरणे.’

वर्गातली बाकीची मुले निराळ्या प्रयोजनाने आली होती. बहुतेकांचा डोळा फ्लेक्सच्या धंद्यावर होता, आणि २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाल्यापासून गावात ‘भावी’ माणसांची संख्या जी वाढली तिने हा धंदा बरकतीस आणला होता. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर वरती वंदनीयांची वर्तुळे, मध्ये हात जोडलेला उत्सवमूर्ती आणि तळाशी शुभेच्छुकांची मुंडकी, असा सरंजाम मांडावयाचा, तर मुंडकी कापण्याचे काम चलाख पाहिजे; आणि साहेबांचा रंग किती उजळावयाचा याचे प्रमाण साहेबांच्या पदावर अवलंबून असते, हे शास्त्र ती मुले अभ्यासक्रमाआधीच शिकून आली होती. शेजारचा पोरगा नानांच्या पडद्याकडे पाहून कळवळून म्हणे, “नाना, कामून इतका वेळ लावायले? स्मूथ मारा अन् मोकळे व्हा!” नाना चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत आणि विचारीत, “याच्या नाकावरचा डाग तू उडवलास, त्याची संमती कुठंय?”

एके दिवशी मॅडमनी या साधनाची जन्मकथा सांगितली. मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्या थॉमस नोल याने १९८७ साली पडद्यावर करड्या छटा दाखविणारी एक छोटी आज्ञावली लिहिली, चित्रपटांतील चमत्कृतींचे काम करणारा त्याचा भाऊ जॉन तिच्यात सामील झाला, आणि १९९० साली ॲडोबीने ती बाजारात आणली. मुले जांभया देत होती. नाना मात्र भारावून गेले. “दोघे भाऊ, अन् वाटणीचा दावा नाही?” एवढेच ते म्हणाले, पण त्या उद्गारात सदतीस वर्षांचा अनुभव होता. पुढे मॅडमनी स्टालिनचे ते प्रसिद्ध छायाचित्र दाखविले, ज्यात कालव्याच्या काठी त्याच्या शेजारी चालणारा येझोव्ह १९४० साली गोळी घातल्यानंतर चित्रातूनही नाहीसा झाला आणि त्याच्या जागी नुसते पाणी उरले, तेव्हा वर्ग हळहळला, नाना संतापले. माणूस मारला याचा संताप निराळा. पण पाण्याच्या आठ-अ चा पत्ता नाही, फेरफार नंबर नाही, नोटीस नाही, ही बेबंदशाही त्यांना सहन होईना.

या साधनातील दोन गोष्टी नानांना मनापासून आवडल्या. एक म्हणजे लेअर, जी १९९४ च्या आवृत्तीत आली : मूळ चित्राला धक्का न लावता त्यावर पारदर्शक थर चढवावयाचा आणि सारे फेरफार त्या थरावर करावयाचे. तळाच्या थरापुढे लहानसे कुलूप दिसते. ते पाहून त्यांना अभिलेख कक्ष आठवला. त्यांच्या थरांची नावे ‘मूळ दस्त, हात लावू नये’, ‘पोट-हिस्सा १’, ‘हरकत प्रलंबित’ अशी असत. दुसरी म्हणजे हिस्टरी, जिच्यात केलेली प्रत्येक क्रिया ओळीने नोंदली जाते. परंतु ही नोंद ठराविक संख्येनंतर जुन्या ओळी गिळते, आणि फाइल बंद केली की सारेच पुसले जाते, हे ज्या दिवशी कळले त्या दिवशी नाना जेवले नाहीत, असे त्यांच्या घरून समजले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोनशे पानी लांब वही घातली, तिला रकाने आखले आणि पडद्यावरचा प्रत्येक फेरफार शाईने त्यात चढवू लागले. इतरांचे दहा फोटो होत, तेव्हा नानांच्या एका फोटोच्या चार नोंदी होत.

नाना शिकले ही बातमी गल्लीत पसरावयास वेळ लागला नाही, आणि लोक येऊ लागले. कोणाला लग्नाच्या घोळक्यातली मयत आई एकटी मोठी करून हवी. कोणाला आजोबा आणि त्यांच्या पश्चात जन्मलेला नातू एका चौकटीत हवेत. नाना प्रत्येकाकडून अर्ज घेत. त्यात एक गृहस्थ असे आले की ज्यांना वाटणीवरून बिनसलेल्या धाकट्या भावाला जुन्या फोटोतून काढावयाचे होते. नानांनी अर्ज ठेवून घेतला आणि धाकट्याला रीतसर नोटीस पाठविली! तो तणतणत आला. थोरला आधीच ओट्यावर बसलेला. नानांनी थर लपवून दाखविला : धाकटा गेला, मागची भिंतही नीट भरून आली, पण थोरल्याच्या खांद्यावर चार बोटे तशीच राहिली, कारण ती त्याच्या सदऱ्यावरच्या थरात होती. “बोटांचा वेगळा अर्ज लागेल,” नाना म्हणाले. दोघे भाऊ बराच वेळ त्या बोटांकडे पाहत राहिले. धाकटा म्हणाला, अंगठी तेव्हा होती माझ्याकडे. थोरला म्हणाला, आईनं केली होती. अर्ज पुढे चालविण्यात आला नाही. नानांनी ‘निकाली’ असा शेरा मारून कागद शिवून टाकला.

मात्र वर्गात नाव घालण्याचे खरे कारण वडिलांचा फोटो हे होते. वडील निजामाच्या अमलात तहसील कचेरीत अहलकार. शेरवानी, रुमी टोपी, खुर्चीच्या हातावर टेकलेला हात, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत फोटोची घडी पडून गेलेली चीर. चीर बुजविण्यासाठी लगतच्या भागातील त्वचा उचलून तिथे लावावी लागते. नानांनी डाव्या गालावरून ती उचलली, तिच्याबरोबर तीळही आला, आणि वडिलांना दोन तीळ झाले. नोंद पडली, ‘एक तीळ जादा, रद्द.’ असे करीत तीन आठवड्यांत ते उजव्या गालापाशी पोचले आणि काम बारीक व्हावे म्हणून त्यांनी चित्र चौपट मोठे केले.

तिथे त्यांचा हात थांबला. गालावर सर्वत्र, चिरेशी संबंध नसलेल्या जागी, केसाएवढ्या फिकट रेघा होत्या, एकीशेजारी एक, आडव्या-तिरप्या, कोणी बसून विणल्यासारख्या. मॅडमनी वाकून पाहिले आणि सांगितले की, हे जुन्या स्टुडिओतले टचिंग. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रेघा भरल्या की छापात तेवढी जागा उजळते आणि खड्डे दिसेनासे होतात. ही कला हैदराबाद संस्थानात काही नवी नव्हती. सहाव्या निजामाने ज्या लाला दीनदयाळांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला, त्यांच्या काळापासून संस्थानातील भल्याभल्यांना कॅमेऱ्यासमोर बसण्याचा आणि चांगले दिसण्याचा नाद लागलेला होता, आणि तो जिरपत अहलकारापर्यंत आला असल्यास नवल नाही. नाना काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “आई म्हणायची, त्यांच्या तोंडावर देवीचे व्रण होते. मी लहान होतो ते गेले तेव्हा. फोटोत कधी दिसले नाहीत म्हणून मी समजत होतो की ती उगीच सांगते.”

म्हणजे मूळ दस्त, ज्यास हात लावू नये म्हणून त्यांनी कुलूप घातले होते, तोच बिननोंदीचा फेरफार निघाला. मुलांनी सुचविले की, नाना, व्रण परत बसवू, ब्रश आहे. नानांनी मान हलविली. कोणता व्रण कुठे होता, याचा पुरावा नाही. साक्षीदार हयात नाही.

त्या दिवशी त्यांनी वही उघडली, पहिल्या पानाच्या आधी एक कोरा कागद डिंकाने चिकटविला आणि अतिशय सुबक अक्षरात लिहिले : ‘फेरफार क्र. ०. दिनांक : भारतात विलीनीकरणापूर्वी. तपशील : दोन्ही गालांवरील देवीचे व्रण कमी केले. फेरफार करणार : स्टुडिओतील अनामिक कारागीर. नोटीस : बजावली नाही.’ हरकतीचा रकाना मोकळा ठेवून त्यांनी वही मिटली. वर्ग संपला, परीक्षा झाली, मुलांनी पेढे वाटले. मी सोळाव्या दिवशी सहज त्यांच्याकडे गेलो, तो वही ओट्यावर उन्हात उघडी पडलेली होती आणि डिंकाचा कागद वाळून थोडा वर उचलला होता. मोकळ्या रकान्यात ‘मुदतीत हरकत आली नाही. मंजूर’ असे लिहून खाली सही केलेली होती, आणि गोल शिक्का कचेरीत परत करावा लागला असल्यामुळे शिक्क्याच्या जागी नानांनी पेन्सिलीने एक वर्तुळ काढले होते.