पुण्यात बसून न्यूयॉर्कचं विमान मोजा

सोसायटीत कुणाची ना कुणाची मुलगी न्यू जर्सीत असतेच. तिच्याकडे निघालेल्या काका-काकूंना "विमानाला किती वेळ लागतो हो?" असं विचारणारे पुष्कळ. छातीठोक उत्तर देणारा मात्र एकच लागतो. तो तुम्ही व्हा. स्वतः विमानात बसायची गरज नाही. अनुभवानं आत्मविश्वास उगाच कमी होतो.

१. अंतर पाठ करा. मुंबई ते न्यूयॉर्क साधारण १२,५०० किलोमीटर. सांगताना 'साधारण' गाळा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, ती सहारा वाळवंटात शिरेल. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणा. तो सिंधवरून निघून स्वीडन, आइसलंड करत न्यूयॉर्कला टेकेल. इथे अर्धे श्रोते गार होतात.

२. आता ९०० नं भागा. विमानाचा ताशी वेग तेवढाच धरायचा. उत्तर १३ तास ५३ मिनिटं. लोकांचा विश्वास बसतो तो त्या ५३ मिनिटांमुळे. प्रत्यक्षात पंधरा-सोळा तास लागतात, कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे जाताना थेट तोंडावर. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्यामुळे त्यांचा दोरा पहिल्याच वितीत वाकला. वारा आणि परराष्ट्र धोरण भागाकारात बसत नाहीत. सोडून द्या.

३. घड्याळाची करामत शिका. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. पहाटे दोनला मुंबईहून सुटलेलं विमान साडेपंधरा तास उडून तिथे त्याच दिवशी सकाळी आठला उतरतं. म्हणजे जायला सहा तास! येताना दुपारी बाराला निघालं, साडेचौदा तास उडालं, की मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा. म्हणजे यायला चोवीस! एखादा चिकित्सक मेहुणा दोन्हींची सरासरी काढतो आणि पंधरा येतात. हे उत्तर बरोबर आहे. ताबडतोब विषय बदला.

४. जमिनीवरचा वेळ धरायचा नाही. कोथरूड ते सहार, बोरघाटातल्या ट्रकांसकट. विमानतळावर तीन तास आधी हजेरी. तिकडे इमिग्रेशनची रांग, मग सामानाचा पट्टा. काका लेकीच्या दारात पोचेपर्यंत अख्खा दिवस उलटून वर दोन-तीन तास झालेले असतात, पाय सुजलेले असतात. वाईट वाटतं, पण पाय हा आपल्या गणिताचा विषय नाही.

५. विमान उडालं की मोबाइलवर त्याचा ठिपका बघत बसा आणि घरच्या ग्रुपवर दर तासाला कळवा: "आता तुर्कस्तानवर." कुणी विचारलेलं नसलं तरी कळवा. काका तेव्हा घोरत असतात.

६. एवढं जमलं की तिकिटावरची तारीख एकदा बघून घ्या. मंगळवारी पहाटे दोनचं विमान असेल, तर पुण्यातून सोमवारी संध्याकाळीच निघावं लागतं.