न्यू जर्सीचा सूर्य, मुक्काम जळगाव

आपल्याकडे घरात दगडी प्रवाळ पाळणं म्हणजे वाघ पाळण्यासारखंच. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघांचीही नावं आहेत. म्हणून माझे प्रवाळ न्यू जर्सीत असतात. टाकी भाच्याची, पैसा भाच्याचा, पण एलईडीचं अ‍ॅप माझ्या मोबाइलवर. मालक कोण, हे वेगळं सांगायला नको.

त्यांचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. जळगावात अंधार पडला की मी तिकडचा दिवस उजाडवतो. आधी निळा, मग हळूहळू पांढरा. समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा खोलवर पोचतो. प्रवाळाच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल त्याच निळ्यावर स्वयंपाक करून घरमालकाला जेवू घालतं. परवा ऐन सूर्योदयात आमच्या कॉलनीतली वीज गेली. घामानं निथळत, काळोखात बसून मी अमेरिका उजळत राहिलो. पदाची जबाबदारी असते.

नवा प्रवाळ आला की भाचा विचारतो, “मामा, लाइट फुल्ल करू?” याचे आजोबा रावेरला केळी लावायचे! टिश्यू कल्चरचं रोप बाटलीत, दिव्याखाली वाढतं. तिथून उचलून थेट खानदेशच्या उन्हात रोवा, दुपारपर्यंत त्याचा पापड. म्हणून आधी दमट पॉलिहाउस, मग शेडनेट, मग शेत. तिथेही गरम वारा अडवायला बांधावर शेवरी. शेवरी कुठल्या बाजूला दाट हवी, यावर मी तासभर बोलू शकतो. शेवरी आली की भाचा मला म्यूट करतो.

प्रवाळाचंही तेच. निम्म्या उजेडावर सुरुवात, मग तीन-चार आठवडे चढ. घाई केली की शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो. उष्णतेनंही हेच होतं. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश जास्त, पण काही आठवडे टिकला की पुरे. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं प्रवाळ-विरंजन जाहीर केलं. ४५ अंशांत लग्नं लावणाऱ्या आम्हा लोकांना एका अंशाची किंमत कशी कळावी?

धुळ्याला दिलेली बहीण अहिराणीत विचारते, “पोऱ्या दिखना का भाऊ?” कॅमेरा टाकीवर असतो, काचेत त्याचा निळा चेहरा तेवढा दिसतो. वाळलाय. ‘ये ना आता घरी’ असं ओठांवर येतं, आणि मी म्हणतो, “निळा पाच टक्के वाढवू का रे?”

परवा कुणीतरी सांगितलं, या अ‍ॅपमध्ये आपोआप उजाडायची-मावळायची सोय असते. मी घाबरून फोन केला. तो म्हणाला, “आहे ना मामा, पहिल्यापासून. मी बंद ठेवलीय.”

हुशार पोरगं. आजोळावर गेलंय.