पुतळ्यांची पांजरपोळ

राणीच्या बागेत आलेला माणूस पेंग्विनचा रस्ता विचारतो, नाहीतर वाघाचा. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, मुंबईतलं सर्वांत जुनं, १८७२ मध्ये उघडलेलं. त्याचा रस्ता सहसा कोणी विचारत नाही. ऊन फारच तापलं तर लोक आत शिरतात आणि दारातच थबकतात. पालिकेच्या मालकीच्या जागेत सोन्याचा मुलामा असेल, अशी अपेक्षा करदात्याने कधी केलेलीच नसते! पिस्त्याच्या रंगाच्या भिंती, वर नक्षीदार सोनेरी छत, खाली विलायती फरशा. पार खिळखिळी झालेली ही वास्तू दुरुस्त होऊन २००८ मध्ये पुन्हा उघडली, युनेस्कोनेही पाठ थोपटली. आमच्या नातेवाइकांच्या लेखी मात्र वाघ तो वाघच.

कराडच्या आत्याला मी हट्टाने आधी इथे आणलं. आत शिरल्यावर समोर संगमरवरी प्रिन्स अल्बर्ट.

“हा कोण रे?”

“व्हिक्टोरिया राणीचा नवरा.”

“आणि राणी कुठाय?”

“बाहेर, मागच्या अंगणात.”

“का? भांडण झालं?”

“नाही आत्या, स्वातंत्र्य मिळालं.”

गंमत सोडा, पण खरोखरच तसं झालंय. १९६५ च्या सुमारास चौकाचौकांतले गोरे साहेब पालिकेने उचलले आणि इथल्या आवारात आणून ठेवले. भाकड गुरांना पांजरपोळ असते, तशी ही निवृत्त साम्राज्याची. कुणाचं नाक गेलंय, कुणाचं तर डोकंच. राणीचा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी देणगी दिलेला. फोर्टात तो केवढ्या थाटात बसायचा! दामोदर चापेकरांनी त्याच राणीच्या तोंडाला डांबर फासलं होतं. आता तिच्या मांडीवर कावळे बसतात आणि कोणावर खटला होत नाही.

राणीचे चिरंजीव सातवे एडवर्डही याच आवारात, घोड्यावर. फोर्टातल्या चौकाला नाव देणारा हाच तो काळा घोडा. मूळ जागेवरून घोडा गेला, तरी तिथलं नाव गेलं नाही. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. इतक्या वर्षांत मुंबईकराला आठवण आली ती फक्त घोड्याची. म्हणजे नवरा आत, बायको बाहेर, मुलगा घोड्यावर. सगळ्या कुटुंबाचा पत्ता एकच, भायखळा.

या सगळ्यांवर कडी करतो तो दगडी हत्ती. घारापुरीच्या बेटावरचा हा हत्ती बघून पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांना वाटलं, हा विलायतेला न्यावा. उचलताना साखळी तुटली, हत्ती आपटला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे सांधून १९१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला, आणि आज तो याच आवारात आहे. त्याला न्यायला निघालेल्यांचे राजे-राणी शेवटी त्याच्याच शेजाराला आले. हत्तीने मात्र कधी विषय काढला नाही.

आत्या सगळ्यात जास्त रमली ती संग्रहालयातल्या मातीच्या छोट्या माणसांत. या देशात कोण काय घडवतं, कोण काय नेसतं, हे साहेबाला नमुन्यादाखल मांडून हवं होतं. घडवणाऱ्या हातांनी मात्र नमुने न करता माणसं केली. काचेला नाक लावून आत्या एकेकाचं पागोटं तपासत होती. “हे घाईत बांधलेलं दिसतंय,” ती एकाबद्दल म्हणाली. मी वाकून पाहिलं. खरंच, एक पेच जरा सैल होता. मातीत इतका बारकावा आणणाऱ्या कारागिराला मी तिथेच नमस्कार केला. एवढं निरखून आजवर आत्याने फक्त सुनेच्या पोळ्यांकडे पाहिलं असेल.

ज्यांचं नाव या वास्तूला आहे, ते भाऊ दाजी मूळचे गोव्याच्या मांद्र्याचे. डॉक्टर, संस्कृतचे पंडित आणि मुंबईचे शेरीफ. संग्रहालयासाठी पैसे गोळा करायला त्यांनी जोडे झिजवले. दारावर मात्र आधी नाव लागलं ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्टचं. भाऊंचं नाव लागायला १९७५ साल उजाडलं.

तेव्हा पेंग्विन बघून झाले की तासभर इकडे या. फक्त बुधवारी येऊ नका. त्या दिवशी संग्रहालयही बंद, बागही बंद आणि वाघालाही सुट्टी.