पायी वारीचे इनाम

कोल्हापूरच्या राजारामपुरीत जनता बाजारापर्यंत कोथिंबिरीची जुडी आणावयासही स्कूटर काढणारे दांपत्य जेव्हा आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर वाट तुडवीत, टाचांवरील फोडांस हळद माखीत, जोडीने पंढरपुरास पोहोचते, तेव्हा उभ्या संसारात जे साधले नाही ते, म्हणजे एकाच दिशेने चालणे, वारीने साधून दिले, असे शेजारी म्हणतात. मात्र ज्याच्या दर्शनास ही जोडी जाते त्या विठोबाची रखुमाई रुसून दिंडीरवनात गेली, ती आजतागायत निराळ्या गाभाऱ्यात उभी आहे. तेव्हा वाटेतील कुरबुरींचा फार खेद करू नये.

आषाढी एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजेस मुख्यमंत्र्यांसमवेत दर्शनरांगेतील एक दांपत्य मानाचे वारकरी म्हणून पाचारले जाते, आणि सरकारदरबारची रसिकता अशी की, चालण्याच्या नि तिष्ठण्याच्या या तपश्चर्येबद्दल त्यांस इनाम मिळते ते एस.टी.च्या वर्षभराच्या मोफत प्रवासाचे! बाकीच्या जोडप्यांनी कोल्हापूरची गाडी रीतसर तिकीट काढून धरावी. २०२३ पासून महिलांस निम्मे भाडे आहे. पासष्टीच्या आतील पतिराजांस पूर्ण.