काळजीवाहू काकू

डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत एक काकू असतातच. त्या काही विकत नाहीत. त्यांना फक्त आपली काळजी वाटते.

आपण भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत असतो, काकू उतरत असतात. "अगं, चेहरा किती उतरलाय! झोप लागते ना?" इतक्या मायेने बऱ्याच दिवसांत कुणी विचारलेलं नसतं. आपण पिशव्या खाली ठेवून सगळं सांगतो: झोप, पित्त, गुडघा, सासूबाईंची शुगर. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर चार व्हिडिओ येतात. आजार चार, पावडर एकच.

संक्रांत ते रथसप्तमी हा काकूंचा सीझन. इतर बायका गाळणी, डब्या लुटतात. काकूंच्या वाणात पावडरीचं सॅशे असतं. "नुसती चव घेऊन बघ." बारशाला बाळंतिणीच्या कंबरेची विचारपूस होते. तेराव्याला "वेळेवर लक्ष दिलं असतं तर..." एवढंच म्हणून काकू थांबतात. उरलेलं वाक्य पिशवीत असतं.

यामागे शिस्त आहे. कंपनीत नाव नोंदवलं की अपलाइन, म्हणजे आपल्याला साखळीत आणणारी, सांगते, ओळखीच्या 100 जणांची यादी करा. काकूंनी मुलीच्या लग्नातली आमंत्रणांची वही काढली. मग एकेकाला 'प्लॅन' दाखवायचा, पण फोनवर तसं म्हणायचं नाही. "सहज चहाला ये" म्हणायचं. चहाला गेलं की सोफ्यावर टाय लावलेला अनोळखी तरुण बसलेला असतो. "माझा उजवा पाय जोरात आहे, डावाच चालत नाही," असं काकू एकदा त्याला सांगत होत्या. म्हणजे डावीकडच्या साखळीत माणसं लागत नव्हती. तळमजल्यावरच्या आजोबांनी ते ऐकलं आणि चोळायला तेल आणून दिलं. या साऱ्या उलाढालीत फुकट काळजी केली ती त्यांनीच.

सरकारलाही काकू ठाऊक असाव्यात. डिसेंबर 2021मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनुसार विक्रेत्याने वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही, ओळखपत्र जवळ ठेवायचं आणि बोलायला लागतानाच आपण कोण, कुठल्या कंपनीतर्फे, कशासाठी आलो ते स्पष्ट सांगायचं. थोडक्यात, काकूंनी तेराव्याला आधी वेळ घेऊन, ओळखपत्रासह यावं.

पंचाईत अशी की काकू लबाड नाहीत. महिन्याचं टार्गेट भरायला त्या स्वतःच पावडरीचे डबे विकत घेतात. दिवाणाखाली, माळ्यावर, देवघराशेजारी डबेच डबे. काकांच्या पेन्शनला बहुधा सगळ्यात आधी गुण आला. आणि माया म्हणाल तर तीही खोटी नाही. माझ्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा रात्रभर हॉस्पिटलात बसल्या त्या काकूच. पहाटे त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझ्या पोटात गोळा आला. बाहेर निघाला मऊ भाताचा डबा.

पावडरीचे पैसे गेले तर गेले. पण त्या भाताकडेही मी आधी संशयाने पाहिलं, ही वसुली कुठल्याच पावतीवर येत नाही. काकूंची खरी माया आता त्यांच्याच डब्यांखाली दबली आहे.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या दारावर पाटी आहे: 'पुरणपोळ्या ऑर्डरप्रमाणे मिळतील.' त्यांच्याशी आम्ही भावावरून घासाघीस करतो, पुरण कमी पडलं तर भांडतो आणि संध्याकाळी एकत्र फिरायलाही जातो. वहिनींनी "बरी आहेस ना?" विचारलं, तर ती पोळीची जाहिरात नसते.

म्हणून एकदा धीर करून म्हटलं, "काकू, तुम्हीही एक पाटी लावा की."

काकू दुखावल्या. "पाटी? मी काय दुकान मांडलंय?" मग माझा हात हातात घेऊन, आवाज मऊ करून म्हणाल्या, "हल्ली फार तिरकस बोलतेस गं. थायरॉइड तपासलंस का?"