उलट्या गडाची मोहीम

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला अमेरिकेच्या वाळवंटात न्यायचं, तर आधी त्याला परवाना ही गोष्ट पचवावी लागते. माझे सासरे, अप्पा, मे महिन्यात पुण्याहून आमच्याकडे फिनिक्सला आलेत. त्यांच्या उभ्या आयुष्यातलं नियोजन म्हणजे शनिवारची शेवटची एसटी, पाठीवर सॅक आणि पायथ्याच्या गावात मारुतीच्या देवळात पथारी. ऑक्टोबरात ग्रँड कॅन्यन आणि झायन करायचं ठरलं तेव्हा त्यांनी विचारलं, "जावईबापू, सगळं ओसाड रानच आहे ना? मग झोपायला कुणाला विचारायचं?"

इथे विचारावं लागतं. तंबू ठोकायची वीतभर जागासुद्धा सरकारी वेबसाइटवर असते. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणून बायको एप्रिलातच सकाळी लॅपटॉपसमोर बोटं तयार ठेवून बसली होती. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी फँटम रँच नावाचा १९२२ सालचा मुक्काम आहे, तिथल्या खाटेसाठी पंधरा महिने आधी लॉटरी. "पंधरा महिन्यांनी मी असेन का, हे आधी कळवतात का ते?" असं अप्पांनी विचारल्यावर तो पर्याय रद्द झाला. राहिला तळाजवळचा तंबूतळ. त्याचीही लॉटरीच, पण ती लागली म्हणजे परवाना मिळाला असं नाही. परवाना मागायला कधी बसायचं ती वेळ मिळते. आम्हाला वेळ मिळाली, मग परवाना मिळाला. घरात पेढे वाटले गेले. नोकरी लागली तेव्हाही माझ्या वाट्याला एवढे पेढे आले नव्हते.

खरी अडचण पायांची. गड आधी चढायचा, वर झुणका-भाकर खायची आणि गप्पा मारत उतरायचं, हे गणित अप्पांच्या गुडघ्यांत मुरलेलं आहे. ग्रँड कॅन्यन म्हणजे जमिनीत उलटा खोवलेला गड. ब्राइट एंजल वाटेने नदीकाठच्या तळापर्यंत पंधरा किलोमीटर आणि सुमारे तेराशे मीटर उतार. जाताना पाय ताजे, हवा गार, सगळेच शूर. चढण येते ती परतताना, दमल्यावर. सिंहगड सलग दोनदा चढायचा आणि मध्ये ताक नाही, असं मी समजावलं. "ताक का नाही?" हा एवढाच मुद्दा त्यांनी गंभीरपणे घेतला.

ताक नाही, पण मीठ आहे, आणि इथे अप्पांचा मोठा विजय झाला. या दरीत नुसतं पाणी पीत राहिलेले लोकही आजारी पडतात, कारण घामातून मीठ जातं आणि रक्तातलं सोडियम खाली येतं. म्हणून रेंजर सांगतात, पाण्याबरोबर खारं खात राहा. हे ऐकल्यावर अप्पांनी शांतपणे बॅग उघडली. आत लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी, खारे दाणे आणि कांद्याच्या वासाचा चिवडा. लेकीने विमानतळावरून फोनवर त्यांना याच ओझ्याबद्दल झापलं होतं. आता तिला ते सगळं 'इलेक्ट्रोलाइट्स' या मथळ्याखाली एक्सेलमध्ये भरावं लागलं.

एक्सेल हे आमच्या घरचं खरं दैवत. त्यात घड्याळाचा स्वतंत्र रकाना आहे, आणि तो वेड लावणारा आहे. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची अमेरिकन रीत ॲरिझोना पाळत नाही. त्याच ॲरिझोनातलं नवाहो राष्ट्र पाळतं. नवाहोंच्या मधोमध वसलेले होपी पुन्हा पाळत नाहीत. म्हणजे दक्षिण कड्यावरून निघालो की नवाहो हद्दीतल्या कॅमेरॉनला एक तास पुढे, पेज गावात एक तास मागे, युटात शिरल्यावर परत पुढे. शिवाय पेजजवळची अँटिलोप घळ नवाहोंच्या जमिनीवर, पण तिथले बहुतेक टूरवाले चालतात ॲरिझोनाच्या वेळेवर. फोन कुठल्या टॉवरला चिकटेल त्यावर आपलं वय ठरणार. अप्पा म्हणाले, "पुण्यात नऊचा कार्यक्रम साडेनऊला सुरू होतो, तसं समजा."

ऑक्टोबरच का, यावरही वाद झाला. जुलै ते सप्टेंबर इथे पाऊस असतो आणि त्याला चक्क मॉन्सून म्हणतात. अप्पांना हसू आवरेना. लोणावळा पाहिलेल्या माणसाला फिनिक्सचा मॉन्सून म्हणजे कुणीतरी हात झटकल्यासारखा. पण घळींचा हिशोब वेगळा. खडक पाणी पीत नाही, माती जवळजवळ नाही. मैलोन्‌मैल दूर कोसळलेली सर अरुंद घळीत भिंतीसारखी येते, आणि डोक्यावरचं आभाळ तेव्हा निळंभोर असतं. १९९७ च्या ऑगस्टमध्ये अँटिलोप घळीत अशाच पाण्याने अकरा जण गेले. हे सांगितल्यावर अप्पा हसायचे थांबले. "सांधण दरीत पावसाळ्यात कुणी शिरत नाही," एवढंच म्हणाले आणि ऑक्टोबरवर शिक्कामोर्तब झालं.

झायनच्या नॅरोज घळीतून नदीच्या पात्रातच चालायचं असतं. तिथे रात्रीचा मुक्काम करणाऱ्याने स्वतःचा मैला पिशवीत भरून परत आणायचा असा नियम आहे. पिशवीत एक पावडर असते, ती ऐवजाचं जेल करते. मी ती पिशवी जेवणाच्या टेबलावर दाखवली. बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग अप्पा म्हणाले, "आम्ही टमरेल घेऊन जायचो. ते रिकामं परत यायचं." नॅरोज दिवसाउजेडी करून परतायचं, हे बिनविरोध मंजूर झालं.

मोहिमेला खरा जोर आला तो मात्र विष्णूमुळे. क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात ग्रँड कॅन्यनमधल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवळांची नावं दिली. विष्णू टेंपल, शिवा टेंपल. पुढे ब्रह्मा, बुद्ध, राम, कृष्ण, मनू सगळे आले. तळाच्या काळ्या खडकालाही विष्णूचंच नाव, वय सुमारे १७० कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा बसाल्ट जेमतेम साडेसहा कोटींचा, हे मी सांगायला नको होतं. अप्पा दोन दिवस घुश्शात होते. शिवा टेंपलच्या कथेने ते माणसात आले. या एकट्या पडलेल्या सुळक्याच्या माथ्यावर वेगळेच प्राणी घडले असतील, अशा आशेने १९३७ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयातले शास्त्रज्ञ वर चढले. प्राणी सापडले ते नेहमीचेच, आणि एक कोडॅक फिल्मचं रिकामं खोकं. एमरी कोल्ब हा दरीकाठचा छायाचित्रकार आधीच जाऊन आला होता. "आपल्याकडे वेफर्सच्या पिशव्या सापडतात," अप्पा म्हणाले.

आता वाद नारळाचा आहे. कड्यावरून विष्णू टेंपल दिसणार, तर नारळ फोडायचाच, हा अप्पांचा हट्ट. करवंटी टाकता येणार नाही आणि पाणी सांडलं की खारी हजर. इथल्या खारी माणसांना चावतात, हे मी त्यांना छापील पत्रकात दाखवलं. बायकोने तोड काढली: नारळ घरीच फोडायचा आणि वड्या करून न्यायच्या. पण तळावर खाण्याचं सगळं सामान दारूगोळ्याच्या लोखंडी पेट्यांत ठेवतात, म्हणजे प्रसादही त्यातच जाणार. अप्पांनी विचार करायला आठवड्याची मुदत मागितली आहे.